जनरेटरची गळती आणि सेलूतली मध्यम लहर

मध्यम लहरीचा रेडिओ जुळवायला भंगारातून उचललेला आरएफ सिग्नल जनरेटर (चाचणीसाठी रेडिओ सिग्नल देणारा डबा) मार्गी लागला. सप्लायचे कपॅसिटर बदलले, ४०० हर्ट्झचं मॉड्युलेशन (सिग्नलवर चढवलेला, कानाला ऐकू येणारा टोन) परत आलं. डायलवर विसंबायचं नाही हे तर ठरलेलंच. गरम होईपर्यंत फ्रिक्वेन्सी सरकत राहते, म्हणून आधी थोडा वेळ चालू ठेवायचा आणि फ्रिक्वेन्सी काउंटर लावूनच आकडा वाचायचा.

खरी डोकेदुखी गळतीची, म्हणजे केबलऐवजी डब्यातूनच बाहेर पडणाऱ्या सिग्नलची. ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करायची कळ) अगदी खाली, आउटपुटची केबल काढलेली, तरी शेजारच्या रेडिओत टोन खणखणीत! असं असेल तर आपण किती मायक्रोव्होल्ट देतोय याला काही अर्थच उरत नाही. छोटा रेडिओ डब्याभोवती फिरवला, तर टोन दोन जागी फुगला: झाकणाच्या कडेला आणि मेनच्या वायरीपाशी. कडेचा रंग खरवडून पत्र्याला पत्रा भिडवला, वायर आत शिरते तिथेच लाइन फिल्टर बसवला. आता कान लावावा लागतो.

वर ५० ओहमचे २० डीबीचे दोन पॅड (सिग्नल ठरावीक पटीने कमी करणारे रेझिस्टरचे संच) केले: दोन्ही टोकांना ६२ ओहम ग्राउंडला, मधे २४०. हिशेबाने ६१.१ आणि २४७.५ येतात, पण दुकानात मिळतं ते हेच आणि फरक अर्ध्या डीबीच्याही आत. एका पॅडने व्होल्टेज दहावा हिस्सा, दोघांनी शंभरावा. दोन्ही वेगवेगळ्या पत्र्याच्या डब्यांत. एकाच डब्यात ठेवले तर सिग्नल पॅडला वळसा घालून जातो.

एवढा खटाटोप रेडिओतल्या एजीसीसाठी, म्हणजे गेन आपोआप कमीजास्त करणाऱ्या सर्किटसाठी. ४५५ किलोहर्ट्झ (रेडिओची आतली ठरलेली फ्रिक्वेन्सी, आयएफ) ०.०१ मायक्रोफॅरॅडच्या कपॅसिटरमधून कन्व्हर्टरच्या (आलेला सिग्नल आयएफवर आणणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या) बेसवर दिले, ऑसिलेटर गँगवर (स्टेशन लावायच्या कपॅसिटरवर) शॉर्ट केला आणि शेवटच्या आयएफटीपासून (आयएफ ट्रान्सफॉर्मरपासून) एकेकाचा कोअर फिरवत मागे येत गेलो. सिग्नल जोरात असला की एजीसी गेन खाली ओढतो, कोअर बराच फिरला तरी स्पीकरवरच्या मीटरची सुई जागची हलत नाही आणि आपण समजतो जमलं. पॅड लावल्यावर त्याच कोअरला टोकदार शिखर मिळालं. नियम साधा: नुसता ऐकू येईल एवढाच सिग्नल.

पुढचं नेहमीचं. जनरेटरला जोडलेलं वायरच्या चार वेढ्यांचं लूप फेराइट रॉडपासून हातभर दूर. ६०० किलोहर्ट्झला ऑसिलेटरचा कोअर आणि रॉडवरची कॉइल, १४०० ला ट्रिमर (छोटे फिरवायचे कपॅसिटर). एक हलवलं की दुसरं बिघडतं, म्हणून आलटून पालटून. परभणी आकाशवाणी १३०५ वर नेमकं बसलं, मग मेण लावून टाकलं.

अडचण उरली ती गल्लीतल्या गोंगाटाची. लाइट गेली की एलईडी नि चार्जर गप्प होतात, मध्यम लहर स्वच्छ निघते, पण तेव्हाच जनरेटरही बंद! आतला सप्लाय १२ व्होल्टचाच आहे, म्हणजे बाइकची बॅटरी चालेल आणि मेनच्या वायरीतली गळतीही जाईल. सॉकेट आणून ठेवलाय. चुकून उलटी जोडणी झाली तर वाचवणारा डायोड आधी, बॅटरी नंतर.