सोळाशेच्या पलीकडचं पळणं

सोमवार

कापसाचा दुसरा वेचा चालू आहे, तूर फुलावर आलीय आणि पहाटे पाचला गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पोरांच्या पायांचा आवाज सुरू होतो. विदर्भातल्या खेड्यात पळणं म्हणजे भरती. हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की चाळिशीचा शेतकरी पळताना दिसला तर येणारा-जाणारा गाडी थांबवून विचारतो, "काय झालं बाप्पा, कोणी पडलं काय?"

भरतीचा हिशेब सरळ आहे. पोलीस शिपायाच्या ग्राउंडला 50 गुण. मुलांना 1600 मीटरचे 20, शंभर मीटरचे 15, गोळाफेकीचे 15. मुलींना सोळाशेऐवजी 800 मीटर. सोळाशे 5 मिनिटं 10 सेकंदांत काढले की वीसपैकी वीस. म्हणजे 400 मीटरची एकेक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. पोरं पहिल्याच दिवसापासून या वेगाला भिडतात, रोज घड्याळ लावतात आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडग्या धरून बसतात. जी टिकतात त्यांतली बरीचशी निकाल लागला किंवा वय निघून गेलं की बूट काढून ठेवतात. इतकी वर्षं कमावलेला दम काही महिन्यांत जातो, आणि त्या पोरांसाठी मनापासून वाईट वाटतं. पळण्यानं आयुष्यात खरा बदल होतो तो हळू पळण्यातून, आठवड्यातले तीन-चार दिवस, वर्षानुवर्षं. भरतीवाल्यांनासुद्धा वेगाचं काम आठवड्यातून एक-दोनदाच पुरतं. बाकीचे दिवस हळूच.

हळू म्हणजे किती? पळता पळता "तुमच्याकडं यंदा कापसाला काय भाव लागला?" हे वाक्य मधे श्वास न तोडता बोलता आलं पाहिजे. तुटलं तर वेग जास्त आहे. सुरुवातीला हा वेग भरभर चालण्याइतकाच असतो, त्याची लाज वाटायला नको.

पहिले दोन आठवडे 1 मिनिट पळायचं, 2 मिनिटं चालायचं, असं आठ वेळा. आधी पाच मिनिटं नुसतं चालून अंग गरम करायचं. आठवड्यातून तीन दिवस, मधे एकेक दिवस सोडून. तिसऱ्या आठवड्यापासून 2 मिनिटं पळणं, 1 मिनिट चालणं. मग 4 आणि 1. साधारण आठव्या-दहाव्या आठवड्यात वीस मिनिटं सलग जमतं. त्यापुढं आठवड्याचा एकूण वेळ दहा टक्क्यांच्या आसपासच वाढवावा. अंतर मोजायच्या मागं लागू नये, मिनिटं मोजावीत.

बुधवार

दुखापती कुठून येतात हे नीट समजून घेण्यासारखं आहे. पळायला लागल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, दम लागणं कमी होतं. माणसाला वाटतं, आपण तयार झालो. पण पोटरीचा स्नायू, घोट्यामागचा जाड दोरीसारखा कंडरा आणि नडगीचं हाड यांना तयार व्हायला महिने लागतात. दम पुढं, पाय मागं, असे हे दिवस असतात आणि नेमकं तेव्हाच माणूस वेग वाढवतो.

नडगीच्या आतल्या कडेला, खालच्या अर्ध्या भागात लांबट पट्ट्यात दुखत असेल तर पळणं निम्म्यावर आणायचं, डांबरी रस्ता सोडायचा आणि दुखणं जाईपर्यंत वाढवायचं नाही. पण एका बोटाखाली मावेल एवढ्या जागी हाडावर दाबल्यावर कळ येत असेल, चालतानाही दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. पळणं पूर्ण बंद करून डॉक्टरला दाखवायचं. पहिल्या एक्स-रेमध्ये हा तडा पुष्कळदा दिसत नाही, त्यामुळं 'फोटो चांगला आला' म्हणून लगेच पळू नये. पोटऱ्यांसाठी साधा उपाय म्हणजे घराच्या पायरीवर चवड्यांवर उभं राहून टाचा सावकाश वर-खाली करणं, पंधरा-पंधरा वेळा तीनदा, एक दिवसाआड.

आपल्याकडं जमिनीची भानगड मोठी. काळ्या मातीची पांदण पावसाळ्यात बुटाला किलोभर चिखल चिकटवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्या भेगांत आणि बैलगाडीच्या चाकोऱ्यांत घोटा मुरगळतो. दाबलेला मुरूम सगळ्यात चांगला. तो नसेल तर डांबरी रस्ता, पण उजव्या कडेनं, म्हणजे येणारी गाडी समोरून दिसते. रस्ता कडेला उतरता असतो, म्हणून वाहतूक नसेल तिथं मध्याकडून पळावं, नाहीतर एकच गुडघा आणि कंबर रोज खालच्या बाजूला राहते. अंधारात धुऱ्यावरून पळूच नये. घोणस, मण्यार असतातच, शिवाय रानडुकरांसाठी लावलेली तार कुठं ओढलीय सांगता येत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलालगतच्या गावांनी तर उजाडल्याशिवाय, आणि एकट्यानं, रस्त्यावर उतरूच नये. शाळेचं मैदान तिथं बरं. दोरी घेऊन एक फेरी मोजून ठेवली की झालं.

बुटाचं एवढंच: संध्याकाळी विकत घ्यावा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो, आणि पुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. मोजा जाड सुती असला की घाम धरतो आणि फोड आणतो.

शुक्रवार

"दिवसभर वावरात राबतो, पळायची काय गरज?" हा प्रश्न रास्त आहे. निंदण, वेचणी, फवारणी यांत अंग मोडतं, पण नाडी वीस-तीस मिनिटं सलग वर राहत नाही. शिवाय आता वावरात जायला मोटारसायकल आहे आणि नांगराला ट्रॅक्टर. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम किंवा 75 मिनिटं जोराचा व्यायाम सांगते. तीन दिवस पंचवीस-पंचवीस मिनिटं पळालं तरी भागतं. मात्र वेचणीच्या दिवसांत जी बाई दिवसभर वाकून कापूस वेचते, तिनं दुसऱ्या दिवशी पहाटे पळण्यापेक्षा झोपावं. सुटीच्या दिवशी पळावं.

बायकांना आणि मुलींना पहिला अडथळा पायांचा नसतोच. "कोठी चालली वं एवढ्या पहाटी?" याला रोज उत्तर देण्यापेक्षा तिघी-चौघींनी मिळून निघावं, आठ दिवसांत विचारणं थांबतं. घट्ट बसणारी स्पोर्ट्स ब्रा घेण्यात कंजुषी करू नये. आणि सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन तपासावं. बायकांत 12 च्या खाली असेल तर कितीही पळा, दम वाढत नाही, उलट चक्कर येते. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर फुकट जाते; लिंबू किंवा आवळ्याबरोबर घ्यावी.

दुसरी तपासणी सिकलसेलची, म्हणजे रक्तपेशी वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराची. ही गोष्ट इथं जेवढी बोलली जायला हवी तेवढी बोलली जात नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात वाहक, म्हणजे आजार नसून त्याचं एकच जनुक असलेले, पुष्कळ आहेत. वाहकाला एरवी काही त्रास नसतो आणि त्यानं जरूर पळावं. पण उन्हात, पाणी न पिता, मधे विश्रांती न घेता जीव तोडून फेऱ्या मारल्या तर रक्तपेशी वाकड्या होऊन स्नायूंचा रक्तपुरवठा अडतो. लष्करी आणि खेळाच्या सरावात यानं तरुण मुलं दगावलेली आहेत. साध्या पेटक्यात पोटरी दगडासारखी होते, माणूस ओरडतो. इथं पाय दगडासारखे न होता ढिले पडतात, दुखण्यापेक्षा अशक्तपणा जास्त, आणि मुलगा बोलत बोलत खाली बसतो. 'नाटक करतो' म्हणून त्याला उठवून पळवू नये. सावली, पाणी आणि लगेच 108. प्राथमिक आरोग्य केंद्रात सिकलसेलसाठी रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर पुढच्या तपासणीत वाहक की रुग्ण हे कळतं. ज्याला आजारच आहे त्यानं डॉक्टरला विचारल्याशिवाय पळू नये. चाळिशीच्या पुढच्यांनी बीपी आणि साखर आधी पाहून घ्यावी.

रविवार

बदल नक्की काय होतो? वजन सगळ्यात शेवटी हलतं, आणि पहाटे पळून आल्यावर तर्री-पोहे आणि दोन समोसे खाल्ले तर हलतही नाही. आधी झोप बदलते. पाचला उठायचं म्हणजे दहाला झोपणं आलं, म्हणजे मोबाइल बाजूला आणि जेवण आठच्या आत. मग सकाळची नाडी उतरते. उठल्या उठल्या खाटेवरच मनगट धरून तीस सेकंद मोजायची आणि दुप्पट करायची; रोज वहीत लिहायची. दोन-तीन महिन्यांत ती हळूहळू खाली येताना दिसते. एखाद्या दिवशी नेहमीपेक्षा आठ-दहांनी जास्त आली तर ताप, अपुरी झोप किंवा अति झालेलं पळणं यांतलं काहीतरी आहे. त्या दिवशी सुटी.

मग येतो खर्रा, तंबाखू-सुपारी घोटून केलेला. तंबाखूनं नाडी आणि बीपी आधीच वर जातं, म्हणून खर्रा तोंडात टाकून निघालेला माणूस पहिल्याच चढावर धापा टाकतो आणि त्याला स्वतःलाच ते कळतं. पळून आल्यावर काही वेळ तलफ कमी असते. ती वेळ वाया घालवू नये: पाणी, भिजवलेला चना, गुळाचा खडा, आणि पहिला खर्रा अर्ध्या तासानं पुढं, मग तासानं. सगळ्यांचा सुटतो असं नाही. आणि सुपारीनं तोंड उघडायचं कमी झालं असेल तर ते पळून भरून येत नाही, त्याला दातांचा डॉक्टरच लागतो. पण सुटायला ज्यांची सुरुवात होते ती अशी होते.

मनाचं लिहायला अवघड जातं, पण खरं आहे. कर्ज, नापिकी, पडलेला भाव यांतलं काहीही पळण्यानं बदलत नाही. डोकं मात्र अर्धा तास मोकळं राहतं, रात्री झोप लागते, आणि सोबत पळणाऱ्याला चार दिवस कोणी दिसलं नाही तर तो घरी येऊन विचारतो. खेड्यात हे फार मोठं आहे.

उन्हाळ्याचं आधीच ठरवून ठेवावं. ऊन वाढू लागलं की अंगाला सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, तेवढे दिवस वेळ निम्मा. एप्रिल-मेमध्ये सूर्य वर येण्याआधी घरी परत. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, फक्त चालणं. घाम खूप गेला तर एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. पळणारा बरळायला लागला, झोकांड्या खायला लागला, तर सावलीत आडवं करून कपडे सैल करायचे, अंगभर पाणी ओतून वारा घालायचा आणि 108 लावायचा; शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

मृगाच्या पेरणीत दोन-तीन आठवडे पळणं सुटतंच, त्यात गैर काही नाही. परत सुरू करताना जिथं सोडलं तिथून धरायचं नाही. पहिला आठवडा निम्मा वेळ, मधे चालणं घालून, दुसरा पाऊण, आणि तिसऱ्यात पाय काय म्हणतात ते पाहून.