पदवीधर मतदार होताना

पदवी हातात आली म्हणून विद्यापीठाच्या मतदार यादीत नाव आपोआप लागत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठाच्या कारभाराची चर्चा करणाऱ्या अधिसभेवर, म्हणजे सिनेटवर, नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले १० सदस्य असतात. त्यांतल्या पाच जागा राखीव: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांना प्रत्येकी एक. हे समजल्यावर मी नोंदणी करायची ठरवली.

ऑनलाइन अर्ज सोपा होता. पदवी प्रमाणपत्र, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो. अडलं ते नावावर. पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. त्यामुळे कच्च्या यादीत माझं नाव आलंच नाही. हरकतीच्या मुदतीत विवाह नोंदणीचा दाखला जोडला, तेव्हा ते लागलं. लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींनो, हा दाखला पहिल्याच अर्जाला जोडा. कच्ची यादी स्वतः उघडून पाहा, कारण नंतर फार थोडे दिवस मिळतात.

यादीत नाव आल्यावर मी हा कायदा नीट वाचला. राज्यपाल कुलपती, कुलगुरू विद्यापीठाचे शैक्षणिक व प्रशासकीय प्रमुख, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण आपल्या तालुक्याच्या कॉलेजात काय शिकवायचं हे अभ्यास मंडळात आकार घेतं आणि विद्या परिषदेपुढे जातं. पैशांचे आणि कारभाराचे निर्णय व्यवस्थापन परिषदेत होतात, तिथे अधिसभेतून निवडलेले सदस्यही बसतात. अर्थसंकल्प अधिसभेपुढे चर्चेला येतो. निकालाला उशीर का, वसतिगृहाचा खर्च कुठे अडला, हे तिथे विचारता येतं. म्हणून ही मतं मला फार मोलाची वाटतात.

मतदानाच्या दिवशी एक गोष्ट लक्षात ठेवा: इथे फुली मारायची नसते. उमेदवारांपुढे पसंतीक्रमाचे आकडे लिहायचे, १, २, ३ असे. १ हा आकडा एकाच नावापुढे हवा, नाहीतर मत बाद होतं. ठरलेल्या कोट्यापेक्षा, म्हणजे निवडून यायला लागणाऱ्या मतांपेक्षा, एखाद्याला जास्त मतं मिळाली, तर जादा मतं पुढच्या पसंतीकडे वळतात. सर्वांत मागे असलेला बाद झाला की त्याचीही वळतात. त्यामुळे दुसरी-तिसरी पसंती कोरी सोडू नका. मोजणीला वेळ लागतो तोही यामुळेच. आमचा निकाल लागायला रात्र उलटून गेली.

नव्या अधिसभेची मुदत पाच वर्षं आहे. धाकट्या भावाचा अर्ज मी आताच भरून घेणार आहे.