वेळासची कासवं आणि खोल पाण्यातली मुशी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना पाहायला गेलो होतो. मंडणगडच्या पुढचा घाटरस्ता, होमस्टेतलं जेवण, बाणकोटचा किल्ला, सगळं छान झालं. लिहायला बसलोय ते मात्र किनाऱ्यावरच्या त्या गर्दीमुळे.

जाळीच्या कुंपणात कासवमित्रांनी, म्हणजे घरट्यांची राखण करणाऱ्या गावकऱ्यांनी, आणून पुरलेली अंडी होती आणि त्यांवर उपड्या टोपल्या. संध्याकाळी एक टोपली उचलली, तर खालची वाळू किंचित खचलेली. त्यातून आधी एक काळपट वल्हं बाहेर आलं, मग वाळूने माखलेलं डोकं. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाचं पिल्लू, तळहातात सहज मावेल एवढं. पिल्लांना पाण्यापासून थोडं लांब सोडतात, समुद्राकडे त्यांनी स्वतः चालत जायचं असतं. तेवढ्यात दोरीमागून कुणीतरी मोबाईलचा टॉर्च लावला आणि एक पिल्लू सरळ उजेडाकडे वळलं. "अहो ताई, बंद करा तो!" कासवमित्र ओरडले. टॉर्च विझला, पण लगेच दुसरीकडे लागला. मला संताप आवरेना.

भाचीने विचारलं, "मामा, ह्यांची आई कुठंय?"

आई कधीच गेली. एका रात्री शंभरेक अंडी घातली, खड्डा बुजवला आणि परतली. पुढचे पन्नासेक दिवस वाळूची ऊब अंडी उबवते. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निपजतात. हजारात एखादंच पिल्लू मोठं होतं असं म्हणतात.

रात्री पडवीत तिला उलट टोकाची गोष्ट सांगितली. गल्पर शार्क ही हिरव्या डोळ्यांची मुशी शेकडो मीटर खोल राहते. ती पिल्लू पोटात सुमारे दोन वर्षं वाढवते आणि बहुधा एकालाच जन्म देते. तिच्या भल्यामोठ्या यकृतातल्या तेलामुळे तिला पाण्यात तरंगून राहता येतं. त्याच तेलातल्या स्क्वालीन नावाच्या, क्रीममध्ये वापरल्या जाणाऱ्या तेलकट द्रव्यासाठी तिला मारतात. मालदीवमध्ये १९८०च्या सुमारास ही मासेमारी सुरू झाली आणि वीस-पंचवीस वर्षांत कोलमडली. एकेक पिल्लू देणारी जात इतक्या वेगाने भरून कशी येणार?

वेळासमध्येही पूर्वी कासवाची अंडी खाल्ली जात, विकली जात. २००२पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ते थांबवलं. कासव किनाऱ्यावर येतं, म्हणून त्याच्यासाठी गाव उभं राहू शकलं. त्या मुशीला किनाराच माहीत नाही. तिच्या घरट्यावर टोपली कोण ठेवणार, हा विचार मला अजून सोडत नाही.

वेळासला जाणार असाल तर टॉर्च खिशातच ठेवा, कासवमित्र सांगतील तिथेच उभे राहा. आणि क्रीमच्या डबीवर स्क्वालीन किंवा स्क्वालेन दिसलं, तर ते कशापासून काढलंय ते कंपनीला विचारा. ऑलिव्हच्या फळांच्या तेलापासून आणि उसापासूनही ते मिळतं.