वारा पडला आणि गादे आले

देवगड बंदरातून पहाटे सहाला निघालो तेव्हा अंगात स्वेटर होता. फेब्रुवारीचा मतलई वारा डावीकडून, जमिनीवरून येत होता आणि बोट मालवणच्या दिशेने सुरेख पळत होती. बोट मित्राची, सतरा फुटी, एका शिडाची. सुकाणूवर काका. हयात मासेमारीत गेलेले तांडेल. मी आपला ‘दोर ओढ’ म्हटलं की ओढायला.

कुणकेश्वराचं देऊळ मागे पडलं आणि साडेनऊच्या सुमारास मिठबावसमोर वारा मेला. शीड ओल्या चादरीसारखं लोंबायला लागलं. दुपारचा खारा वारा सुटेपर्यंत दोन तास तरी लटकणार, म्हणून मित्र मागच्या मशीनची दोरी ओढायला वाकला. काकांनी नुसता हात वर केला.

“मशीन लावू नुको. घाई कशाक? वारो येतलो.”

मग ऐकू आलं. फुस्स्. कुणीतरी पाठीमागे उसासा टाकावा तसं. वळून पाहिलं तर पाण्यावर फक्त एक गोल वलय. पुन्हा फुस्स्, आता उजवीकडे. “गादे,” काका कुजबुजले.

मालवणकडे गादा म्हणतात तो कुबडाचा डॉल्फिन. आधी लांबट चोच वर आली, मग शिसवी राखाडी पाठ, त्यावरचं ते कुबड आणि कुबडावर चिमुकला पर. कुठलीही कोलांटउडी नाही, सर्कस नाही. सावकाश वर यायचं, श्वास सोडायचा, बुडायचं. चार मोठे होते, एक पिल्लू. पिल्लाला श्वासाचं गणित अजून जमत नव्हतं. आई एकदा वर येईपर्यंत ते दोनदा यायचं. एक मोठा गादा हाताच्या अंतरावर उसासला आणि त्याचे तुषार माझ्या चष्म्यावर आले. वास? बाजार उठल्यावर मासळीच्या ओट्याला येतो तो, हुबेहूब.

जगात धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत असलेला हा जीव आपल्या किनाऱ्याच्या इतका जवळ, उथळ पाण्यात राहतो. तिथेच आपली जाळी, तिथेच आपल्या बोटी. मी यापूर्वी पर्यटकांच्या बोटीतून दोनदा ‘डॉल्फिन पाहिले’ होते. मशीनच्या धडधडीत दूरवर पळणाऱ्या पाठी. ते श्वास घेताना आवाज करतात हे मला त्या दिवशी कळलं.

वारा सुटायच्या जरा आधी एक फळकूट तरंगताना दिसलं, त्यावर सुरय पक्षी उभा. जवळ वाहत गेलो तर फळकुटाने डोळा उघडला. ऑलिव्ह रिडले कासव! दोन फुटांची पाठ, कडेला पांढऱ्या कवचांचे खवडे, आणि झोपमोड झाल्याचा स्पष्ट राग. सुरय उडाला, कासव एक हात मारून खाली गेलं.

काकांनी जाळ्यात सापडलेली अशी किती सोडली याला हिशेब नाही. 2018 पासून, संरक्षित जीव सोडवायला जाळं कापलं तर सरकार 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देतं. फोटो मात्र काढावा लागतो. “कासव सोडूचा की फोनचो पासवर्ड घालूचो?” काका म्हणाले. पण त्यांचा फोन खिशात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला होता.

आचऱ्यासमोर एक काकण, म्हणजे समुद्री गरुड, पंजात लोंबता समुद्रसाप घेऊन डोक्यावरून गेला. तोवर वायव्येचा वारा भरला होता, शिडाकडे बघायचं की आभाळाकडे, अशी तारांबळ. त्यामुळे त्याचा फोटो नाही.

तीनला मालवण जेटी. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती बोटींची जत्रा. खारट तोंडाने मी दोर बांधत होतो तेवढ्यात एक पोरगा धावत आला.

“डॉल्फिन बघूचे आसत काय? उद्या सकाळी येवा.”

मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, “तेंका नुको. भेटान इलेत.”