बाळ बांधायचं कापड, आपल्या मागावर

मोठेबाबांनी, म्हणजे माझ्या थोरल्या काकांनी, कापड हातात घेतलं, दारातल्या उजेडाकडे धरलं, मग समोरासमोरचे दोन कोपरे चिमटीत पकडून तिरपं ओढलं. "उभं-आडवं ओढलं त हलत नाही, तिरपं ओढलं त देते," ते म्हणाले. "साधी विणण नाही हे." तोवर मी त्यांना या कापडाबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

ते कापड मी जर्मनीहून आणलं होतं. मागच्या हिवाळ्यात आठ महिन्यांच्या लेकीला घेऊन मी गावी गेले, भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात, ती सगळी वाट तिने याच कापडात माझ्या छातीशी झोपून काढली. इथे जर्मनीत बाळंतपणानंतर सुईण घरी येते आणि तिचा खर्च आरोग्य विमा उचलतो. आमच्याकडे माय नव्हती, सासू नव्हती, बाळ खाली ठेवलं की रडायचं. तिसऱ्या आठवड्यात सुईणीने पिशवीतून साडेचार मीटर लांब कापड काढलं आणि कसं बांधायचं ते शिकवलं. बाळाचे गुडघे ढुंगणापेक्षा वर हवेत, पाठ थोडी गोल, हनुवटी छातीला टेकलेली नको, तोंड आपल्याला कायम दिसलं पाहिजे, आणि मान वाकवली तर आपले ओठ त्याच्या डोक्याला लागावेत इतकं ते वर हवं. एवढं पाळलं की दोन्ही हात मोकळे. मी रडले होते त्या दिवशी, पण सुटका झाल्यासारखं रडले होते.

जर्मनीत ही रीत आपल्याला वाटते तितकी जुनी नाही. मेक्सिकोच्या बायका लांब कापडाने लेकरं बांधतात, त्यावरून सुचून एरिका हॉफमन या बाईंनी आपल्या जुळ्यांना तसं बांधलं आणि १९७२ मध्ये अशी कापडं विकायला सुरुवात केली. आपल्याकडे निंदायला गेलेली बाई बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधते. कापडावर लेकरू सोपवणं आपल्याला नवीन नाही. पण झोळी झाडाला टांगलेली असते, हे कापड आईच्या अंगाला तीन वेळा वेढून ताणलेलं असतं, आणि तासन्‌तास ताणलेलंच राहतं. त्यामुळे कापडाकडून मागणं वेगळं. आमचं घर कोष्ट्याचं, म्हणजे विणकराचं, मोठेबाबांनी उभा जन्म टसर रेशमाच्या करवती साड्या विणल्या, काठाला करवतीसारखे दाते असलेल्या. मला एकच हौस होती, लेकीचं पुढचं कापड आमच्या मागावरचं असावं.

लोकांना वाटतं की विणणं म्हणजे धोटा इकडून तिकडे फेकणं. आमच्या सतरा दिवसांतले तेरा दिवस माग बांधण्यात गेले, आणि मला सांगायचंय ते त्या तेरा दिवसांबद्दलच.

पहिल्यांदा हिशेब. तयार कापड ७० सेंटिमीटर रुंद आणि ४ मीटर ६० सेंटिमीटर लांब हवं. विणताना ते आत ओढलं जातं आणि पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून फणीत, म्हणजे तारा सारख्या अंतरावर धरणाऱ्या दातेरी चौकटीत, रुंदी धरली ३२ इंच. सूत नागपूरहून आणलं, २/१० नंबरचं, म्हणजे दोन तारा पिळून एक केलेलं. टसरच्या फणीची घरं, म्हणजे दात्यांमधल्या फटी, त्याला फारच बारीक. मोठीआईने, म्हणजे थोरल्या काकूने, माळ्यावरून एक जुनी फणी काढून दिली, घरात सुती चादरी विणल्या जायच्या तेव्हाची. इंचाला १२ घरं. घरात दोन तारा, म्हणजे इंचाला २४, आणि ३२ इंचांना ७६८. दोन कापडांपुरता ताणा, म्हणजे मागावर ताणायच्या उभ्या तारा, १३ मीटर. मी मोबाइलवर गुणाकार केला तर जवळपास दहा किलोमीटर सूत झालं. मोठेबाबांनी तो तोंडीच केला होता, लड्या मोजून.

ताणा गल्लीत काढला. सकाळी सातला खुंट ठोकले, चुलतभाऊ आणि मी सूत घेऊन फेऱ्या मारत होतो. एका टोकाला दोन काड्यांमध्ये एकाआड एक तारांची फुली राखावी लागते, ती मोडली तर ७६८ तारांमधली कुठली कुठे हे कुणालाच कळणार नाही. म्हणून फुलीवर मोठीआई बसली होती, आणि तिने कुणालाही जवळ येऊ दिलं नाही. लेकीलासुद्धा नाही. मी खळीबद्दल, म्हणजे सुतावर चढवायच्या पेजेबद्दल, विचारलं, कारण लहानपणापासून ताण्याला खळ लागतेच असं बघत आले होते. मोठेबाबांनी एक तार नखांत घासून बघितली. "दोन तारी पिळलेलं हाय. याले पाजण कायले पाह्यजे?" तो एक दिवस वाचला.

खरी अडचण वयांची होती. वई म्हणजे दोऱ्याच्या डोळ्यांची ती ओळ, जिच्यातून ताण्याची एकेक तार जाते आणि जी वर-खाली झाली की धोट्याला वाट मिळते. आमचा माग खड्ड्याचा, विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो. त्याला दोनच वया, आणि त्या हलवायला पायाखाली दोनच पट्ट्या. साध्या विणीला तेवढं पुरतं. पण साध्या विणीत प्रत्येक तार प्रत्येक तारेने जखडलेली असते, कापड तिरपं फारसं देत नाही, आणि बाळाच्या पाठीला, खांद्याला, मांडीला आकार घेत नाही. त्यासाठी दोन खाली, दोन वर, आणि दर ओळीला एक तार पुढे सरकायचं अशी तिरपी वीण हवी. म्हणजे चार वया, चार पट्ट्या. मोठीआईने चार संध्याकाळी बसून दोन नव्या वया गाठल्या, एकेका वईत १९२ डोळे. मोठेबाबांनी बांबू चिरून खड्ड्यात आणखी दोन पट्ट्या बसवल्या आणि वर आढ्याच्या लाकडाला दोऱ्या अशा बांधल्या की दोन वया खाली गेल्या की उरलेल्या दोन आपोआप वर. एक-दोन, दोन-तीन, तीन-चार, चार-एक. मी जर्मनीत एका विणकाम वर्गात अगदी असाच चार वयांचा माग पाहिला होता, फरक एवढाच की तो खुर्चीवर बसून चालवायचा.

ताणा बीमवर, म्हणजे मागाच्या गोल लाकडावर, गुंडाळताना दर वेढ्यात बांबूच्या कामट्या घातल्या, नाहीतर वरची तार खालच्या थरात रुतते आणि ताण कमी-जास्त होतो. साडीत तो निऱ्यांमध्ये लपून जातो. इथे सैल पट्टा राहिला तर सगळं वजन बाजूच्या पट्ट्यावर येणार, आणि तो आईच्या खांद्यात रुतणार.

मग ओवणी. मी आत बसून तारा ओवायच्या, चुलतभावाने समोरून एकेक द्यायची. दोन दिवस लागले. विणायला बसलो, वीतभर कापड झालं, आणि मोठेबाबांनी हात थांबवला. कापडावरून अंगठा फिरवला, मधल्या एका जागी थांबले. चौथ्या वईत जायची तार मी तिसऱ्यातच ओवली होती. त्यामुळे त्या एका रेघेत बाण्याची, म्हणजे आडवी, तार दोनऐवजी तीन तारांवरून उडी मारत होती. डोळ्यांना दिसतही नव्हतं. मी म्हटलं, राहू द्या, एवढ्याने काय होतं. "लांब तार आधी झिजते, पोरी. अन् लेकरू बसणार हाय यात." एवढंच बोलले. मग आम्ही पावणेदोनशे ओळी उसवल्या, त्यांनी चौथ्या वईत एक नवा डोळा गाठला, तार काढून तिथे ओवली. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि आजही वाटतं की त्यांनी थांबवलं नसतं तर मी ते कापड तसंच बांधलं असतं.

मला काठाला करवत हवी होती. ती त्यांनी नाकारली. करवतीचा काठ तीन धोट्यांनी विणतात, अंगाचं आणि काठाचं सूत एकमेकांत अडकवत जातात, तिथे कापड जाड आणि ताठ होतं. काठ ताणून बांधायचा असतो, तो मऊच हवा. त्याऐवजी मी ताण्यातच एका काठाला लाल आणि दुसऱ्याला हिरव्या तारा घेतल्या. जर्मनीत ही सोय मुद्दाम करतात, पाठीमागून कापड आवळताना वरचा काठ कुठला, खालचा कुठला हे रंगावरून कळतं. रंगीत सूत घेण्याआधी ते ओलं करून पांढऱ्या फडक्यात रात्रभर दाबून ठेवलं. बाळ काठ चोखतंच, रंग सुटायला नको. एक तार तुटली तेव्हा मोठेबाबांनी गाठ मारली नाही, नवी तार जुनीच्या सोबत बोटभर विणत नेली आणि मग टोक कापलं.

विणायला चार दिवस लागले. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही, मांड्या दुखल्या आणि आनंद झाला.

कापड गरम पाण्यात धुतलं, इस्त्री केली, टोकं दुमडून शिवली, उजेडाकडे धरून वीत-वीत तपासलं. रुंदी भरली ७१ सेंटिमीटर. त्यात आधी लेकीला बांधलं नाही. दहा किलो तांदळाची पिशवी पाठीवर बांधली आणि तासभर अंगणात, मळ्यात फिरले. गल्लीतल्या बायका बघत होत्या. मोठेबाबा मागून चालत होते, मध्येच पाठीवरचं कापड चाचपत होते. तासानंतर पिशवी दोन बोटंही खाली सरकली नव्हती. मग लेकीला घेतलं. ती पाच मिनिटांत झोपली.

मी परत आले तेव्हा दुसऱ्या कापडाचा ताणा मागावरच होता. परवा मोठेबाबांचा फोन आला. चुलतबहिणीला वैशाखात दिवस भरताहेत, तिच्यासाठी विणायला घेतो म्हणाले. "पण ती बारीक हाय. रुंदी तेवढीच ठेवू का दोन इंच कमी करू?" मी म्हटलं, तेवढीच ठेवा, लांबी हातभर कमी करा. ते थोडा वेळ गप्प होते, बहुतेक लड्या मोजत होते.