बोट उचलू नकोस

अमृतमहोत्सवाचं निमंत्रण हातात पडलं आणि डोळ्यांसमोर आली ती जिन्याखालची पेटीची खोली. शाळेविषयी लिहा म्हणालात, पण माझी शाळा म्हणजे संगीताचे सर. बाकीच्या गुरुजनांनी क्षमा करावी.

नववीत स्नेहसंमेलनाच्या समूहगीताला पायपेटीवर मी होतो. पहिलं कडवं मुलांचं, काळी एकमध्ये, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या काळ्या सुराला सा मानून. दुसरं मुलींचं, काळी पाचमध्ये. पट्टी बदलताना रोज गोंधळ; मुली भलताच सा धरायच्या, मुलं हसायची. एकदा वैतागून मी पेटीवर पंजाच आपटला. आता बसणार धपाटा, म्हणून हात काढतोय तोच सर म्हणाले, “बोट उचलू नकोस.”

जवळ येऊन त्यांनी माझी बोटं एकेक करून सरकवली. पांढरी एक, काळी दोन, काळी तीन, पांढरी सहा. “पाय चालू ठेव.” विचित्रच आवाज. कुठं तरी जायला निघालेला, पण वाट न ठरलेला. “हे आपलं चन्नम्मा सर्कल,” म्हणजे बेळगावचा चौक. “कुठूनही ये, कुठंही जा. आता पांढरी सहा सोड, काळी चार धर. कुठं ओढतंय?” काळी एककडं! “परत ये. काळी तीन सोड, पांढरी चार धर.” मागं उभ्या मुलींनी कुणी न सांगता काळी पाचचा सा लावला.

पेटीवरच्या लगतच्या दोन सुरांतलं अंतर म्हणजे अर्धस्वर. त्या चार सुरांत तीन-तीन अर्धस्वरांचं सारखं अंतर, म्हणून त्यांच्यात थोरला कोण हे ठरतच नाही. कुठलाही एक सूर अर्धस्वरानं खाली उतरवा, नवं घर, म्हणजे नवा सा, उघडतो. बारा सुरांत असे गट तीनच. याला पाश्चात्य संगीतात ‘डिमिनिश्ड सेव्हन्थ’ म्हणतात हे मला पुण्यात, फार उशिरा कळलं. तोवर मी ‘सर्कल’च म्हणत होतो. अजूनही रेकॉर्डिंगला तोंडातून तेच निघतं, वादक बघत राहतात.

गंमत म्हणजे सर पक्के ख्यालाचे. कुमार गंधर्व १९२४ साली आपल्या सुळेभावीत जन्मले, हे सांगितल्याशिवाय त्यांचा तास सुरू होत नसे, आणि कॉर्डला, म्हणजे एकदम वाजवलेल्या अशा सुरांना, ते ‘सुरांची गर्दी’ म्हणत. ही गर्दी त्यांना कुणी शिकवली, विचारायचं राहूनच गेलं.

त्या खोलीत आता कॉम्प्युटर आहेत म्हणे. असू देत. पण ती पायपेटी कुठं गेली, कुणाला ठाऊक असेल तर कळवा. ओळखायला सोपी आहे: काळी दोन दाबली की अडकते, बोटानं वर उचलावी लागते.