टेबलाखालून दिसणारं घर

लेक झोपली की हेडफोन लावून गेम खेळायला बसायचं, हा माझा गेली दोन वर्षं चाललेला शिरस्ता. हेडफोन एकाच कानावर, दुसरा कान तिच्या खोलीकडे. म्हणूनच ‘अमंग द स्लीप’ खेळताना मी दोनदा खुर्चीतून उठून तिच्याकडे बघून आले. ती गाढ झोपलेली. मुसमुसत होतं ते गेममधलं मूल. म्हणजे मीच.

यात आपण दोन वर्षांचं मूल असतो. हातात शस्त्र नाही, टॉर्च नाही. सोबतीला बोलणारा टेडी. अंधारात त्याला घट्ट मिठी मारली की अंधुकसा उजेड पडतो. एवढाच काय तो दिवा. चालायला गेलं तर पाय लटपटतात, धावलं तर धडपडायला होतं, त्यामुळे घाई असेल तेव्हा सरळ रांगायचं. भुताच्या गेममध्ये आजवर इतकी पळाले, पण जीव मुठीत धरून रांगायची पाळी पहिल्यांदाच आली.

मला सगळ्यात जास्त घाम फोडला तो दाराच्या हँडलने. दार समोर आहे, उघडंच आहे म्हणा ना, फक्त हँडल डोक्याच्या कितीतरी वर. मग खुर्ची शोधायची, ती ढकलत आणायची, वर चढायचं, हात उंचवायचा. कपाटावर जायचं तर खालचा खण जास्त बाहेर ओढायचा, वरचा थोडा कमी, की झाला जिना. माझी लेक हेच करते आणि मी दिवसातून चार वेळा तिच्यावर ओरडते. गेममध्ये मात्र पहिला खण ओढला तेव्हा स्वतःवरच खूश झाले.

नॉर्वेतल्या हामारच्या क्रिलबाइट नावाच्या छोट्या स्टुडिओचा हा गेम. २०१३ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे केले आणि २०१४ च्या मे महिन्यात तो कॉम्प्युटरवर आला. सलग बसलं तर दोन-तीन तासांत संपतो. मला तीन रात्री लागल्या, त्याचं कारण वर सांगितलंच आहे. मधला भाग थोडा रटाळ आहे. वस्तू शोधा, आणून लावा, दार उघडा, परत तेच. टेडीही जरा जास्तच बोलतो. पण सुरुवात फार सुरेख: वाढदिवस, आई केक भरवतेय, दारावर कोणीतरी येतं, आणि पलीकडून मोठ्या माणसांचे चढलेले आवाज. आपण उंच खुर्चीत अडकलेलो. काय चाललंय ते दिसत नाही, नुसता सूर कळतो.

(इथून पुढे शेवट फोडतेय. खेळायचा असेल तर थांबा.)

रात्री पाळणा उलटतो, टेडी वॉशिंग मशीनमध्ये सापडतो आणि घराचं हळूहळू भलतंच काहीतरी होत जातं. पाठलाग करणारी बाईसारखी एक आकृती आहे. पुढे एका भागात जमिनीवर जागोजागी बाटल्या पडलेल्या. धक्का लागून एखादी कलंडली की ते जे काही आहे ते आवाजाच्या रोखाने येतं. मी टेबलाखाली दबकून बसले होते आणि मनात चडफडत होते, की गेम बनवणाऱ्यांना अडथळा म्हणून दुसरं काही सुचलं नाही का?

शेवटी कळतं. आई पिते. बाटली वाजली की आई बदलते, एवढंच त्या मुलाला ठाऊक आहे, आणि त्या ‘एवढंच’मधून त्याने हा अख्खा राक्षस रचलाय. मला आवडलं ते हे, की गेम आईला खलनायिका करून सोडत नाही. केक भरवणारी तीच आणि अंधारात मागे लागणारीही तीच. दोन वर्षांच्या जिवाला या दोघींची सांगड घालता येत नाही, म्हणून त्याने त्या दोन वेगळ्या करून टाकल्यात.

आमच्या घरात दारू नाही. आवाज मात्र चढतात. मागच्याच आठवड्यात नवऱ्याशी माझं कशावरून तरी कडाक्याचं वाजलं होतं. कशावरून ते आता आठवतही नाही.

गेम संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी लेक दिसेना, म्हणून जेवणाच्या टेबलाखाली वाकून पाहिलं. तिथेच होती. मीही गुडघे टेकून आत शिरले. तिथून घर म्हणजे नुसते पाय: खुर्च्यांचे, सोफ्याचे, आणि दारातून आत आलेले नवऱ्याचे. चेहरा दिसतच नाही. वर पाहिलं तर टेबलाच्या खालच्या बाजूला खडूने गिरगटलेलं. लाल, निळं, परत लाल. एका दिवसाचं काम नव्हतं ते. याच टेबलावर आम्ही रोज जेवतो.

‘‘हे कधी काढलंस गं?’’

‘‘सरक ना,’’ ती म्हणाली. ‘‘ही माझी जागाए.’’